अहमदाबाद २०३० च्या आयोजकांना खुलं पत्र: त्या दोघा-चौघांच्या टीमकडे लक्ष असू द्या

आदरणीय पी. टी. उषा मॅडम, आणि अहमदाबाद कॉमनवेल्थ गेम्सच्या तयारीला लागलेल्या सगळ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन अहमदाबादला आले, आता बरीच वर्षं मणिनगरच्या बाजूला राहते आणि शाळेत पीटी शिकवते. नोव्हेंबर २०२५ मधे ग्लासगोला २०३० च्या स्पर्धेवर आपल्या शहराचं नाव पक्कं झालं तेव्हा आमच्या स्टाफरूममधे पेढे वाटले गेले आणि मला खरंच भरून आलं. १९३० ला कॅनडातल्या हॅमिल्टनमधे ११ देशांना घेऊन सुरू झालेली स्पर्धा बरोबर शंभराव्या वर्षी आपल्या दारात येतेय, ही काय छोटी गोष्ट आहे का. तेव्हापासून पेपरात जे जे येतं ते वाचते. स्टेडियम, मेट्रो, रस्ते, हॉटेलं, किती कोटी, आणि भारताला किती मेडल्स. हे सगळं व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण या कॉमनवेल्थमधे ७४ देश आणि प्रदेश आहेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त इतके लहान आहेत की आपल्या एखाद्या जिल्ह्यात आरामात मावतील, आणि त्यांच्याबद्दल मला अजून कुठे एक ओळ वाचायला मिळालेली नाही. म्हणून हे पत्र.

आधी २००८ चं सांगते. ऑक्टोबर महिना, पुण्यात बालेवाडीला कॉमनवेल्थ युथ गेम्स, ७१ देशांची पोरं आलेली, सगळीकडे स्पर्धेच्या शुभंकराची, जिगर वाघाची चित्रं. मी तेव्हा बीपीएड करत होते आणि व्हॉलंटिअर होते, काम काय तर वॉर्म-अपच्या बाजूला उभं राहायचं, कुणाला पाणी दे, कुणाला कॉल रूमचा (शर्यतीआधी हजेरी लावायची ती खोली) रस्ता दाखव. एका सकाळी एक मुलगी आली, सोबत पन्नाशीच्या एक बाई. देशाचं नाव लिहीत नाही कारण दोघींना न विचारता लिहिणं बरं वाटत नाही, एक छोटं बेट एवढंच समजा. त्या बाई मॅनेजर, त्याच कोच, त्याच डॉक्टर, त्याच पोरीची आई नसून आई. खांद्यावर दोन बॅगा, हातात फाइल. मुलीच्या चेस्ट नंबरला चार पिना लागतात आणि त्यांच्या तळहातावर तीनच होत्या, चौथी वाकडी झालेली, त्या ती दाताने सरळ करत होत्या. माझ्या बांगडीत आईने सवयीने अडकवून दिलेल्या दोन सेफ्टी पिना होत्या (आपल्याकडे बायका ठेवतातच), त्यातली एक काढून मीच लावून दिली. ती पोरगी थरथरत होती. थंडीने नाही.

हीटमधे, म्हणजे पहिल्या फेरीच्या शर्यतीत, ती शेवटची आली. पण बोर्डावर वेळ लागली तशा त्या बाईंनी फाइल खाली टाकली, पेन काढलं आणि ती वेळ स्वतःच्या तळहातावर लिहून घेतली, कारण त्या पोरीच्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वेळ होती. नंतर मला विचारलं, हा चेस्ट नंबर परत करावा लागतो का. मी म्हटलं नाही, तुमचाच आहे. त्यांनी तो घडी घालून पासपोर्टच्या पाकिटात ठेवला, म्हणाल्या शाळेच्या भिंतीवर लावायचाय. स्टेडियममधे त्या हीटकडे बघणारं कितीसं कुणी होतं? पण माझ्या डोक्यात त्या आठवड्यातलं दुसरं काही इतकं पक्कं बसलेलं नाही.

आणि त्याच स्पर्धेत, त्याच ट्रॅकवर, ग्रेनाडा नावाच्या कॅरिबियन देशातला एक सोळा वर्षांचा मुलगा ४०० मीटरचं गोल्ड घेऊन गेला. किरानी जेम्स. आमच्यातल्या कुणाला ग्रेनाडा नकाशावर दाखवता आला नसता हे मी शपथेवर सांगते. चार वर्षांनी लंडन ऑलिम्पिकमधे त्याने ४३.९४ सेकंदात ४०० मीटर जिंकलं आणि ते त्या देशाचं इतिहासातलं पहिलं ऑलिम्पिक मेडल होतं, पहिलंच आणि थेट गोल्ड. तिकडच्या पंतप्रधानांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर केली. गुयाव्ह म्हणून मासेमारीचं गाव आहे, तिथला हा मुलगा. मी तेव्हा घरी टीव्हीसमोर उभी राहून ओरडत होते, हा बालेवाडीला पळालाय, आपल्या बालेवाडीला, आणि सासूबाई विचारत होत्या हा कोण तुझा.

त्याच लंडनच्या सेमीफायनलमधे कृत्रिम पायांवर धावणारा ऑस्कर पिस्टोरियस शेवटचा आला आणि किरानीने त्याच्याकडे जाऊन आपल्या नावाची पट्टी त्याला दिली, त्याची स्वतः घेतली. पिस्टोरियस पुढे प्रेयसीच्या खुनासाठी तुरुंगात गेला, तो विषय वेगळा. मला त्या मिनिटाला फक्त त्या बाई आठवल्या, पासपोर्टच्या पाकिटात नंबर ठेवणाऱ्या. छातीवर लावलेल्या त्या कागदाची किंमत छोट्या देशातल्या माणसाला बरोबर कळते.

ग्रेनाडाबद्दल जरा जास्तच लिहितेय पण लिहू द्या. ३४४ चौरस किलोमीटरचा देश, आपल्या मुंबईहून लहान. लोकसंख्या लाख-सव्वा लाखाच्या आत. आपल्या मोटेराच्या स्टेडियममधे १ लाख ३२ हजार माणसं बसतात, म्हणजे तो अख्खा देश, तान्ही बाळं आणि म्हातारी माणसं धरून, तिथे आणून बसवला तरी खुर्च्या उरतील. आणि एवढ्याशा देशाने काय दिलंय बघा. नीरज चोप्रामुळे आपल्या गल्लीतली पोरंसुद्धा अँडरसन पीटर्सचं नाव घेतात, तो तिथलाच. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या कॉमनवेल्थमधे नीरजने गोल्ड घेतलं तेव्हा ब्राँझ पीटर्सचं होतं, २०२२ ला युजीनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे त्याने ९०.५४ मीटर टाकून गोल्ड नेलं आणि नीरजला सिल्व्हर मिळालं. लिंडन व्हिक्टर डेकॅथलॉनमधे (दहा प्रकार मिळून एक स्पर्धा) दोनदा कॉमनवेल्थ चॅम्पियन. १ जुलै २०२४ ला बेरिल वादळाने त्या देशाची कॅरियाकू आणि पेटीट मार्टिनिक ही बेटं जवळपास उद्ध्वस्त केली, घरांची छपरं उडाली, आणि महिनाभरात सुरू झालेल्या पॅरिस ऑलिम्पिकमधे ग्रेनाडाची सहा जणांची टीम उतरली आणि दोन ब्राँझ घेऊन परतली, एक व्हिक्टरचं, एक पीटर्सचं. आपले ११७ गेले होते, सहा मेडल्स आली. तुलना करून आपल्या खेळाडूंना कमी लेखायचं नाहीये, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं ब्राँझ आलं तेव्हा माझ्या माहेरच्या लोकांनी फटाके वाजवले. सांगायचं एवढंच की सहा जणांची टीम म्हणजे उगाच हजेरी लावायला आलेली टीम नव्हे.

आणि ग्रेनाडा एकटा नाही. किरिबातीच्या डेव्हिड काटोआटाऊने २०१४ ला ग्लासगोमधे वेटलिफ्टिंगचं गोल्ड घेतलं, ते त्या देशाचं पहिलं कॉमनवेल्थ मेडल, आणि हाच माणूस लिफ्ट झाली की स्टेजवर नाचायचा, आपली बेटं समुद्र गिळतोय हे जगाला दिसावं म्हणून नाचायचा. नौरू म्हणजे २१ चौरस किलोमीटर. तिथल्या मार्कस स्टीफनने १९९० ला ऑकलंडला वेटलिफ्टिंगमधे गोल्ड मारलं, पण १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकला त्याला सामोआकडून खेळावं लागलं कारण त्याच्या देशाची ऑलिम्पिक कमिटीच नव्हती. पुढे तो नौरूचा राष्ट्राध्यक्ष झाला. नियूए तर दीड-दोन हजार वस्तीचं बेट, आपल्याकडे एका सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात, त्यांना २०२२ ला बर्मिंगहॅममधे बॉक्सिंगचं ब्राँझ मिळालं, पहिलंवहिलं. सेंट ल्युसियाची ज्युलियन आल्फ्रेड २०२४ ला पॅरिसमधे १०० मीटर जिंकली, ती २०१७ ला बहामाजच्या कॉमनवेल्थ युथ गेम्समधे जिंकून वर आलेली. बालेवाडीसारखंच. ही स्पर्धा या पोरांची पायरी आहे, आणि २०२६ ला ग्लासगोत खेळच दहावर आलेत, म्हणजे पायरी आणखी अरुंद झाली. ती रुंद करायची संधी आता तुमच्या हातात आहे.

आता मुद्द्याचं, म्हणजे काय हवंय ते.

पहिली गोष्ट माणसं. मोठ्या देशाबरोबर कोच, फिजिओ, डॉक्टर, मॅनेजर, मीडियावाला असा लवाजमा असतो. छोट्या टीमबरोबर ते सगळं मिळून एकच माणूस असतो आणि त्याला एका वेळी तीन ठिकाणी असावं लागतं. सकाळी टीम मॅनेजर्सची मीटिंग, त्याच वेळेला पोरीला कॉल रूममधे सोडायचं, आणि दुसरा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला रिंगमधे. कॉल रूमला उशीर झाला की नाव कट, तिथे कुणी ऐकून घेत नाही आणि नियम म्हणून ते बरोबरच आहे. मेडलनंतर डोपिंगच्या टेस्टला खेळाडूबरोबर आपला माणूस न्यायची मुभा असते, पण नेणार कुणाला? भालाफेकीवाल्याने स्वतःचा भाला आणला तर तो आधी तपासायला जमा करायचा असतो, तिथेही रांग. मी हे बालेवाडीला डोळ्यांनी बघितलंय, त्या बाई धावत होत्या आणि खेळायच्या आधीच दमल्या होत्या. म्हणून माझं मागणं असं आहे की दहापेक्षा कमी खेळाडू असलेल्या प्रत्येक टीमला पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेच दोन व्हॉलंटिअर द्या, रोज बदलणारे नकोत, आणि ते खेळातलेच हवेत, बीपीएड-एमपीएडची मुलं घ्या, ज्यांना कॉल रूम म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार नाही. सगळ्या छोट्या टीम्ससाठी मिळून एक फिजिओची खोली ठेवा, मसाज, टेपिंग, बर्फ, सगळं, आणि तिथे आधी नंबर त्यांचा. मीटिंगला येता आलं नाही तर काय ठरलं ते संध्याकाळी खोलीवर कागदावर पोचवा. यात कोट्यवधी रुपये लागत नाहीत हो.

दुसरं, येणं-जाणं. बऱ्याच बेटांवर आपला दूतावासच नाही, व्हिसासाठी दुसऱ्या देशात हेलपाटे घालावे लागतात. सेंट हेलेनासारख्या बेटावर २०१७ पर्यंत नियमित प्रवासी विमानच नव्हतं, केपटाउनहून बोटीने पाच-सहा दिवस. आजही पॅसिफिकमधल्या टीमला अहमदाबादला पोचायचं तर तीन-चार विमानं बदलायची. तो खेळाडू स्पर्धेच्या आदल्या दिवशी सुजलेल्या पायांनी उतरला तर खेळणार काय. त्यांना खेळाडूंच्या व्हिलेजमधे चार दिवस आधी येऊ द्या आणि व्हिसाचं काम सरकारच्या पातळीवर एकगठ्ठा करून टाका.

जेवणाबद्दल हात जोडून सांगते. मी इथे राहते, इथल्या जेवणावर माझा जीव आहे, उंधियुसाठी मी हिवाळ्याची वाट बघते. पण ही बेटांची माणसं, मासे खाऊन वाढलेली. खेळाडूला स्पर्धेच्या आठवड्यात त्याच्या सवयीचंच लागतं, तिथे आपली आवडनिवड लावू नये. आणि उषा मॅडम, हे मी तुम्हाला काय सांगणार. १९८४ ला लॉस एंजेलिसमधे ४०० मीटर हर्डल्सला तुमचं ब्राँझ सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं, आणि व्हिलेजमधे तांदळाची पेज आणि लोणच्यावर राहावं लागलं, शेवटच्या ३५ मीटरला अंगात ताकद उरली नाही, हे तुम्हीच सांगितलंयत. पेज-लोणचं म्हटलं की आमच्या कोकणातल्या माणसाला लगेच कळतं, की ते घरचं जेवण आहे, शर्यतीचं नाही. योगायोग बघा, ग्रेनाडाची टीम पहिल्यांदा ऑलिम्पिकला आली ती त्याच १९८४ ला. म्हणजे तेव्हा आपणही याच रांगेत उभे होतो. त्याच्या आधी १९५२ ला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले ते लोकांकडून पैसे गोळा करून, प्राचार्य खर्डेकरांनी तर स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये दिल्याचं सांगतात, आणि मग ते ब्राँझ आलं. विसरण्याइतकं जुनं नाही हे.

नावं नीट उच्चारा. हे छोटं वाटेल पण माझ्यासाठी नाही. काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय स्पर्धेला मी माझ्या शाळेची दोनच पोरं घेऊन गेले होते, बाकी शाळांची तीस-तीस, चाळीस-चाळीस. संचलनात माइकवर सगळ्या शाळांची नावं घेतली आणि आमचं राहून गेलं. मुद्दाम नसेल, यादीत खाली असेल. माझ्या हातातला पाटीचा दांडा धरून चालणारा सातवीतला मुलगा चालता चालता मला म्हणाला, मॅडम, आपण आलोय ना? मी म्हटलं आलोय रे. त्याने त्या दिवशी लांब उडी मारली ती नेहमीपेक्षा दीड फूट कमी. आता विचार करा, हजारो किलोमीटर लांबून आलेला, देशाचा झेंडा धरलेला एकटा मुलगा, आणि माइकवरच्या माणसाला त्याच्या देशाचं नाव वाचता येत नाही किंवा त्या वेळेला टीव्हीवर जाहिरात लागते. किरिबाती असं लिहिलेलं इंग्लिशमधे वाचलं तरी त्यांची माणसं ते किरिबास असं म्हणतात, हे निवेदकाला आधी शिकवा. प्रत्येक टीमकडून नावं रेकॉर्ड करून घ्या. राष्ट्रगीताची फाइल त्यांनाच आधी ऐकवून हो म्हणवून घ्या, कदाचित त्या देशाचं ते गीत तिथे पहिल्यांदाच वाजणार असेल. झेंडा उलटा-सुलटा होता कामा नये.

आणि प्रेक्षक. लॉन बोल्ससारखा (हिरवळीवर गोळे घरंगळवायचा) खेळ लांबच्या कोपऱ्यात टाकू नका, नॉरफोक आयलंडला १९९४ ला आणि २०१८ ला मिळालेली ब्राँझ मेडल्स त्याच खेळातली, आणि २०२२ ला आपल्या चार बायकांनी त्यात गोल्ड जिंकल्यापासून आपल्याकडेही तो बघायला माणसं येतील. सकाळच्या हीट्सना स्टँड रिकामे ठेवू नका, शाळा आहेत ना. १९९८ ला जपानमधल्या नागानोच्या विंटर ऑलिम्पिकला त्यांनी एक शाळा एक देश अशी योजना केली होती, प्रत्येक शाळेने एक देश घ्यायचा, त्याची भाषा, गाणं, माणसं शिकायची आणि ती टीम आली की आपली म्हणून स्वागत करायचं. हे आपल्याला का जमू नये? अहमदाबादमधे शाळांना तोटा नाही. बडोदा, सुरत, पार पुण्या-मुंबईपर्यंतच्या शाळा घ्या. इथल्या मराठी मुलांच्या शाळेला मॉरिशस द्या, तिथे पिढ्यानपिढ्या मराठी घरं आहेत, गणेश चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते, आणि त्या देशाला आजवर एकच ऑलिम्पिक मेडल मिळालंय, २००८ ला बीजिंगमधे बॉक्सर ब्रुनो ज्युलीचं ब्राँझ. त्यांच्या बॉक्सरला रिंगमधे उतरताना स्टँडमधून कुणी मराठीत हाक मारली तर त्याला काय वाटेल सांगा.

आमच्या मुख्याध्यापकांशी मी बोललेय. त्यांचा होकार आहे. आमच्या शाळेला कुठलाही देश द्या, चिठ्ठ्या टाकून निघेल तो, फक्त ज्याच्या टीममधे दहापेक्षा कमी माणसं असतील असा. चार वर्षं आहेत हातात, आत्ताची पाचवी तेव्हा नववीत असेल, ती मुलं त्या देशाचं राष्ट्रगीत पाठ करतील, नकाशा काढतील, खेळाडूंना पत्रं लिहितील. व्हॉलंटिअरचा फॉर्म निघाला की माझा पहिला भरलेला असेल. ड्यूटी वॉर्म-अपच्या बाजूला, कॉल रूमच्या रस्त्यावर मिळाली तर बरं. सेफ्टी पिनांची डबी मी घरून आणेन.

आपली,
मणिनगरची एक पीटी टीचर